पडलेल्या विमानांचं गाव

आमच्या गावात एकूण किती विमानं पडली, हे तुम्ही कोणाला विचारताय त्यावर होतं. दादाला विचारलं तर चार. गोलबाजारातल्या न्हाव्याला विचारलं तर सात, आणि त्यातलं एक त्याच्या सासऱ्याच्या भाताच्या खाचरात. शेजारचे तेलुगू काका चष्मा पुसत उलट विचारायचे, "आधीच्या लढाईतली धरून, की सोडून?" आजीचा आकडा मात्र कधी बदलला नाही. "एकच पडलं. पन थेच लय झालं."

गाव म्हणजे बंगालमधलं खडगपूर. आम्ही मूळचे नागपूरचे. पण रेल्वेवाल्यांचं मूळ रुळांवरून सरकत असतं. साहेबाच्या काळातली बंगाल-नागपूर रेल्वे पुढे दक्षिण-पूर्व रेल्वे झाली. तिच्या एका टोकाला नागपूर, आणि कलकत्त्याच्या बाजूला खडगपूरचा तो अवाढव्य कारखाना. बाबांची बदली तिथे झाली तेव्हा मी पाच वर्षांची होते, दादा नऊचा. स्टेशनाजवळच्या भागाला तिथे 'बोगदा' म्हणतात. टांगेवाल्याच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि आईचा चेहरा खुलला, चला, इथे आपली भाषा कळते! दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं की मराठीचा साठा त्या एका शब्दातच संपला होता. बाकी मग बंगाली, तेलुगू, उडिया आणि सगळ्यांनी मिळून मोडलेली हिंदी.

गाव चालायचं भोंग्यावर. कारखान्याचा भोंगा झाला की चूल पेटायची, भोंगा झाला की डबे निघायचे, भोंगा झाला की बाबा यायचे. त्यामुळे १९६५च्या सप्टेंबरात हवाई हल्ल्याचा भोंगा बसवला तेव्हा घोटाळा झाला. आम्हाला शिकवलेलं असं, की वरखाली होणारा आवाज आला तर धोका, एकसुरी आवाज आला तर धोका टळला. कारखान्याचा भोंगा एकसुरीच. म्हणजे रोज पाळी बदलली की अख्ख्या गावाला धोका टळल्याची सूचना मिळायची, धोका आलेला असो वा नसो.

लढाई तशी पंजाबात आणि काश्मीरात चालली होती. ६ तारखेला आपल्या फौजा लाहोरच्या बाजूने सरहद्द ओलांडून गेल्याचं रेडिओवर ऐकलं, तेव्हा बाबांनी गणपतीसमोर पेढे ठेवले. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. त्यामुळे वसाहतीतल्या आम्हा दहा-बारा मराठी घरांना हे युद्ध थोडंसं घरचंच वाटत होतं. शेजारीपाजारीही बाबांना "आपके चव्हाणसाब क्या बोलते हैं?" असं विचारायचे, जणू रोज रात्री त्यांचा आमच्याकडे निरोप येतो. पूर्व पाकिस्तान हासुद्धा पाकिस्तानच आहे, आणि ढाका खडगपूरपासून लाहोरइतकं लांब नाही, हे गावाला आठवलं ते दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ७ सप्टेंबरला सकाळी.

बाबा पाळीवर गेले होते. पश्चिमेकडून कोळशाच्या वाघिणी एकामागून एक उलट्या केल्यासारखे आवाज आले. रेल्वेच्या गावात असल्या आवाजाने कोणी मान वर करत नाही. मग धूर दिसला. कलाईकुंड्याचा वायुदलाचा तळ आमच्यापासून दहाएक किलोमीटरवर. ढाक्याच्या तेजगाव तळावरून आलेल्या सेबर विमानांनी तिथे उभी असलेली कॅनबेरा आणि व्हॅम्पायर विमानं जाळली होती. हे नाव-गाव सगळं नंतर कळलेलं. त्या क्षणी फक्त काळा धूर होता, आणि आई दादाच्या दप्तराचा पट्टा धरून दारात उभी होती. "आज शाळा नाही."

क्वार्टरांच्या पुढे रेल्वेने खंदक खणून दिले होते, वाकडेतिकडे, इंग्रजी झेडसारखे. म्हणजे एका टोकाला बॉम्ब पडला तर दुसऱ्या टोकाचे वाचावेत. पण सप्टेंबरातला बंगाल. खंदक गुडघ्यापर्यंत भरलेले आणि त्यात बेडकांची पिल्लं. आजीने आत एकदाच वाकून पाहिलं. "थ्या गड्ड्यात बेंडकं हायेत. मी नाई जात बापा. मराचं असन तं घरात मरतो." ती अंगणातच थांबली आणि मला म्हणाली, दुर्वा खुड, बाप येईल तोवर पूजा व्हायला पाहिजे.

गणपतीचा नववा दिवस होता. मी अंगणाच्या कडेला उकिडवी बसून तीन पात्यांच्या दुर्वा मोजत होते. एकवीस हव्या होत्या. चौदावी खुडली आणि गवतावरून सावली गेली. घार जाते तशी नाही. घारीची सावली रेंगाळते. ही सावली आली म्हणेपर्यंत नव्हती. आवाज तिच्या मागून आला, आणि तो कानात शिरला नाही, पायातून वर चढला. मान वर केली तेव्हा पेरूच्या झाडाच्या शेंड्यापलीकडे एक चंदेरी पोट दिसलं, आणि त्याच्या मागे दुसरं काहीतरी, तिरकं झालेलं. मग कोणीतरी मांजरपाट टराटरा फाडावा तसा आवाज. एकदा. थोडं थांबून पुन्हा.

माझ्या वाट्याला आलं ते एवढंच. पुढची जवळजवळ साठ वर्षं मी लोकांना काय काय सांगत आले, त्याची मला आता लाज वाटते. मी सांगायचे, विमान धुराची रेघ ओढत फिरत फिरत खाली आलं. मी सांगायचे, पंखाचा तुकडा वेगळा होऊन चमकला. लग्नानंतर सासरी सांगितलं, शाळेत शिकवायला लागल्यावर दर सप्टेंबरला वर्गात सांगितलं. मुलं डोळे विस्फारून ऐकायची. परवा हे लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा स्वतःला नीट विचारलं की बाई, तू कुठून पाहिलंस? पेरूच्या पलीकडे तर कारखान्याच्या साहेबांचे बंगले होते आणि त्यांच्या पुढे उंच झाडं. ते सगळं दादाचं होतं. तो छपरावर चढला होता. मी त्याचं पाहणं उचललं आणि स्वतःच्या नावावर खपवलं.

दादाचंही किती खरं, कोण जाणे. पहिल्या दिवशी त्याने दोन विमानं पाहिली होती. शुक्रवारपर्यंत चार झाली. पण गंमत अशी की वाढत वाढत तो खऱ्या आकड्यापर्यंत पोचला. दुसऱ्या खेपेला आलेली सेबर चारच होती. त्यांना गाठलं आपल्या दोन हंटर विमानांनी. एकात फ्लाइट लेफ्टनंट आल्फ्रेड कुक, दुसऱ्यात फ्लाइंग ऑफिसर ममगाईं. गावाच्या डोक्यावर, झाडांना घासून जावं इतक्या खालून ही झटापट चालली. हिजलीच्या आयआयटीतल्या मुलांनी ती वसतिगृहांच्या गच्च्यांवरून पाहिली. भारताकडे दोन सेबर पाडल्याची नोंद झाली, दोघांनाही वीरचक्र मिळालं. पाकिस्तानने एकच विमान गेल्याचं मान्य केलं. आणखी एक योगायोग मला फार उशिरा कळला. लढणाऱ्या दोन्ही स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या तुकड्यांचा, क्रमांक एकच होता. चौदा. दुर्वांचा आकडा लक्षात राहिला तो यामुळेच, की आकडा कळल्यावर मी दुर्वा चौदा करून टाकल्या? छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार.

कुकचं नाव पेपरात आलं तेव्हा पलीकडच्या ओळीत राहणाऱ्या अँग्लो-इंडियन अंकलनी आख्ख्या वसाहतीला केक वाटला. ते मेल गाडीचे ड्रायव्हर. कुकसारख्याच त्यांच्या समाजातल्या ट्रेव्हर कीलरने ३ तारखेला पहिलं सेबर पाडल्याची बातमी आली तेव्हापासून त्यांची छाती फुगलेलीच होती. एरवी वसाहतीत त्यांच्या लोकांबद्दल "हे काय, आज ना उद्या विलायतेला जाणार" असंच बोललं जायचं. त्या आठवड्यात कोणी बोललं नाही. (आईने केक घेतला, अंडं असणार म्हणून आजीपासून लपवला, आणि आजीने तो रात्री फडताळातून शोधून खाल्ला. हे मी पाहिलेलं आहे, उसनं नाही.)

पण ते विमान पडलं कुठे?

दुसऱ्या दिवशी दादा आणि त्याचे तीन मित्र सायकली घेऊन निघाले. हिजलीच्या फाटकावरचा गेटमन म्हणाला, पश्चिमेला. पश्चिमेला गेले तर चहावाला म्हणाला, दक्षिणेला, कालव्यापाशी. कालव्यापाशी म्हशी धुणारा म्हणाला, अरे ते तर निमपुऱ्याच्या बाजूला, मी स्वतः पाहिलं. जो तो स्वतः पाहिलेलाच होता. संध्याकाळी चिखलाने माखून दादा परत आला तेव्हा आईने आधी त्याच्या पाठीत दोन घातल्या आणि मग काय आणलं ते पाहिलं.

त्याच्या खाकी चड्डीच्या खिशात एक काडतूस होतं. रिकामं. माझ्या वितीपेक्षा थोडं आखूड, माझ्या मुठीत न मावेल एवढं जाड, मळकट रंगाचं, बुडाशी इंग्रजी अक्षरं आणि आकडे कोरलेले. नाकाला लावलं तर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात येतो तो वास. दादा म्हणाला, सेबरचं आहे. शत्रूचं. विमान जळत होतं, त्याच्या शेजारीच पडलं होतं. मी ते दोन्ही हातांनी धरलं. त्याला हात लावणं म्हणजे पाकिस्तानला हात लावणं होतं.

बाबा कारखान्यातून आले. त्यांच्याबद्दल एक सांगायला हवं. हा माणूस कारखान्यातून एक स्क्रू कधी घरी आणणारा नव्हता. डब्याला गंजका नट चिकटून आला तर दुसऱ्या दिवशी नेऊन परत टाकायचा. आणि गावात तर दवंडी पिटली होती की विमानाचं काहीही सापडलं तरी पोलिसांत जमा करा. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो. बाबांनी काडतूस उजेडात धरलं, फुंकर मारली, आतली माती बोटाने काढली. मग कपाटातून चामड्याच्या म्यानातला व्हर्नियर काढला. तो त्यांचा स्वतःचा, पहिल्या पगारातून घेतलेला. त्याचे वरचे दोन बारके जबडे त्यांनी काडतुसाच्या तोंडात घालून हळूच उघडले, मान तिरपी करून रेघा वाचल्या.

"तीस," ते म्हणाले.

"सेबरचं आहे ना, बाबा?" दादाने विचारलं.

बाबांनी व्हर्नियर फडक्याने पुसला, म्यानात घातला, म्यानाचं बटण लावलं. या सगळ्याला जेवढा वेळ लागायला हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"असेल," ते म्हणाले. "पेन्सिली ठेवायला बरं आहे."

तेव्हापासून ते आमच्या अभ्यासाच्या टेबलावर राहिलं. त्यात आमच्या चार पेन्सिली उभ्या राहायच्या. पोलिसांचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

रात्री काळोख करायचा असे. काचांना काळे कागद, दिव्याला पुठ्ठ्याची टोपी, सायकलच्या दिव्याची वरची अर्धी काच रंगवलेली. समईची वात बारीक करून बाबा गणपतीची आरती हळू आवाजात म्हणायचे, जणू विमानातल्यांना ऐकू जाईल. आणि बाहेर? भाद्रपदातली शुक्ल द्वादशी, त्रयोदशी. चंद्र असा वर आलेला की कारखान्याच्या चिमण्या, रुळ, पाण्याच्या टाक्या, सगळं दुधात धुतल्यासारखं लख्ख. शेजारचे तेलुगू काका पायरीवर बसून बिडी मुठीत लपवून ओढायचे आणि वर पाहून म्हणायचे, "याला कोण कागद लावणार?"

हे काका म्हणजे गावाची जुनी वही. १९४४ साली ते कारखान्यात शिकाऊ कामगार होते, आणि त्यांच्या लेखी आमची लढाई म्हणजे पोरखेळ. "तुम्ही एक विमान पडलेलं पाहिलं. आम्ही तर मोजायचं सोडून दिलं होतं." खडगपूरच्या आसपास, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी अशा ठिकाणी अमेरिकनांचे तळ होते. तिथे बी-२९ जातीची चार इंजिनांची राक्षसी बॉम्बफेकी विमानं राहायची. त्यांचं मुख्यालय हिजलीला, ज्या इमारतीत आधी इंग्रजांनी राजबंदी कोंडले होते तिच्यात. १९३१ साली तिथे पहाऱ्यावरच्या शिपायांनी गोळीबार करून दोन बंदी मारले होते. पुढे त्याच इमारतीत आयआयटीचे पहिले वर्ग भरले. एका इमारतीला किती जन्म असावेत?

बी-२९चं इंजिन फार तापायचं. त्यात मॅग्नेशियमचे भाग, एकदा पेटलं की विझवणं मुश्कील, आणि वर आमचा उन्हाळा. काका सांगायचे, पहाटे घरघर सुरू झाली की आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या कान देऊन ऐकायचो. चारही इंजिनांचा आवाज एका लयीत दूर गेला तर कूस बदलायची. लय मोडली तर उठून बसायचं. हे ते हाताच्या चार बोटांनी जमिनीवर वाजवून दाखवायचे, आणि मग एक बोट थांबवायचे.

काकांच्या घरात एक जाड पत्र्याची परात होती. काकू तिच्यात इडलीचं पीठ कालवायच्या. ती म्हणे पडलेल्या विमानाच्या पत्र्याची. लढाई संपल्यावर भंगाराचे ढीग लागले होते, भांडीवाल्यांची चंगळ झाली होती. परात खरंच विमानाची की नुसती म्हणायला, देव जाणे. पण आम्ही मुलं त्यांच्याकडे इडली खाताना ती आकाशातून आलेली समजूनच खायचो.

एकदा काकांबरोबर आम्ही पॅसेंजरने चाकुलियाला गेलो होतो, पासष्टची लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात. सालाच्या झाडांमध्ये अचानक ती धावपट्टी लागली, रुंद, सरळ, डोळ्यांना न संपणारी. तिच्यावर संथाळ बायका भात वाळवत होत्या. दादा सायकल चालवल्याचा अभिनय करत धावत सुटला तो ठिपका होईपर्यंत. काका मात्र एका जागी उभे राहून पायाने खडी उकरत राहिले. काय शोधत होते, विचारायचं राहून गेलं.

त्यांच्या पहाटांपैकी एक मला पुढे पुस्तकात सापडली. ५ जून १९४४. बी-२९ची पहिलीच लढाऊ मोहीम. बंगालमधल्या आणि लगतच्या तळांवरून ९८ विमानं उडाली, त्यातलं एक उडता उडताच कोसळलं. निघाली होती बँकॉकला. बँकॉकमध्ये कशावर बॉम्ब टाकायला? मक्कासानच्या रेल्वे कारखान्यावर. म्हणजे रेल्वे कारखान्याच्या गावाजवळून उडून, समुद्र ओलांडून, दुसऱ्या एका रेल्वे कारखान्यावर. तिकडेही भोंगा असेल. भोंग्यावर चूल पेटणारी घरं असतील. हे वाचलं तेव्हा काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते, याचा मी अंदाजसुद्धा करू शकत नाही. बिडी मुठीत धरून वर पाहिलं असतं, एवढं नक्की.

१९६५ला परत येते. अनंत चतुर्दशी ९ तारखेला आली. विसर्जन दिवसाउजेडी उरकलं, ढोल नाही, ताशा नाही. "पुढच्या वर्षी लवकर या" हेही सगळे कुजबुजल्यासारखे म्हणाले. मला तेव्हा हसू आलं होतं. १७ तारखेला विश्वकर्मा पूजा. खडगपूरमध्ये हा सण दिवाळीपेक्षा मोठा, कारण अख्खं गाव हत्यारांवर जगणारं. कारखान्यात लेथ यंत्रांना झेंडूच्या माळा, हातोड्यांना कुंकू. आणि त्या दिवशी बंगाली मुलं पतंग उडवतात. आई नको म्हणत होती, या दिवसांत आकाशात काही सोडू नका. पण दुपारी चार वाजता आकाशात पतंगच पतंग. पतंग कटला की "भोकाट्टा!" असा ओरडा. आम्ही नागपूरची पोरं "ओ काट" म्हणणारी, तरी तोवर भोकाट्टावर आलो होतो. त्या वर्षी मात्र पोरांनी नवीन ओरडा काढला होता. लाल पतंग कटला की "सेबर गेलं!" आणि कटलेल्या पतंगामागे धावताना सगळे तोंडाने तो मांजरपाट फाडल्याचा आवाज काढत होते.

२३ तारखेला पहाटे युद्ध थांबलं. मग लगेच एक-दोन दिवसांत सर्वपित्री अमावस्या. आमच्याकडे आजोबांचं पान त्या दिवशी. मागच्या अंगणात केळीच्या पानावर वरण, भात, वडा, खीर, असा घास ठेवून बाबा कावळ्यांना हाका मारत उभे होते. आजी आतून आली आणि पानाच्या कडेला आणखी एक भाताचं मुटकं ठेवलं, वर तिळाचे चार दाणे.

"हे कोणाचं?" बाबांनी विचारलं.

"थ्या पोराचं."

कुठलं पोर, हे आम्हा सगळ्यांना एकदम कळलं. गावात आठवडाभर त्याच्याविषयीच बोलणं चाललं होतं, की पडलेल्या विमानात एक जण होता, कोवळा होता. (पुढे मी नाव वाचलं. फ्लाइंग ऑफिसर अफजल खान.)

बाबा चिडले. ते सहसा आजीवर आवाज चढवत नसत. "आई, तो मुसलमान. तो शत्रूचा. त्याला कसलं आलंय पितर?"

आजीने हात धुतले, पदराला पुसले. "कावळ्याले काय समजते बापा, कोनाचा घास हाये थे?"

बाबा काही बोलले नाहीत. कावळा आला, त्याने पहिल्यांदा वडा उचलला. कावळे नेहमी वडाच उचलतात. भाताची दोन्ही मुटकी संध्याकाळी मुंग्यांनी नेली.

बाबांची बदली १९६९ साली परत नागपूरला झाली. काडतूस सामानात आलं. दादा मेकॅनिकल इंजिनिअर झाला, भिलाईला नोकरी, मग पुण्यात घर. काडतूस त्याच्याबरोबर फिरत राहिलं. पेन्सिली गेल्या, त्यात वहिनी उदबत्त्या ठेवायला लागली. मागच्या वर्षी त्याच्याकडे गेले होते, तेव्हा त्याचा नातू मोबाइलवर विमानांचं काहीतरी पाहत होता. मला म्हणाला, आजी, सेबरला सहा मशिनगन होत्या, अर्ध्या इंचाच्या. म्हणजे १२.७ मिलिमीटर. मी ऐकलं न ऐकलं केलं. मग त्याने हंटर काढलं. चार तोफा. ३० मिलिमीटर.

मी देवघराकडे पाहिलं. अर्ध्या इंचाच्या काडतुसात एकच पेन्सिल राहिली असती.

"अरे," मी दादाला म्हटलं, "हे आपल्याच विमानाचं आहे!"

दादा पेपर वाचत होता. "हो."

"तुला माहीत होतं?"

"सेकंड इयरला होतो तेव्हापासून. मुळात मला ते सापडलंही नव्हतं. एका संथाळ पोराने आठ आण्याला दिलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कधी विचारलंस?" पान उलटून म्हणाला, "आणि बाबांना तर त्याच दिवशी कळलं होतं. त्यांचा तो खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातला मित्र आठवतो का, सुट्टीत यायचा तो? त्यांच्या गप्पा सगळ्या मिलिमीटरमध्येच असायच्या."

मला तो मित्र आठवतो. ते म्यानाचं बटण लावायला लागलेला वेळही आठवतो. तो तरी माझा स्वतःचा आहे असं मी धरून चालले आहे.

या हिवाळ्यात आम्ही दोघं खडगपूरला जाऊन आलो. दादाचं गुडघ्याचं दुखणं, माझा रक्तदाब, पण जायचंच म्हटलं. आमची क्वार्टर पाडलेली आहे, पेरूच्या जागी ट्रान्सफॉर्मर. स्टेशनाबाहेर एक टोटोवाला भेटला, बॅटरीवर चालणारी ती तीनचाकी, पस्तिशीचा पोरगा असेल. दादाने गंमत म्हणून विचारलं, इकडे पासष्टच्या लढाईत एक विमान पडलं होतं, जागा माहीत आहे का? पोरगा म्हणाला, "बसा ना, माझ्या आजोबांनी स्वतः पाहिलेलं."

त्याने आम्हाला गावाबाहेर नेलं, गेटमनने सांगितलेल्या दिशेला नाही, चहावाल्याच्या नाही आणि म्हशीवाल्याच्याही नाही. डांबरी संपली, लाल मातीचा रस्ता लागला. एका तळ्याशी त्याने टोटो थांबवला. तळ्यात कमळाची पानं, काठावर एक बाई भांडी घासत होती. हे तळं विमान पडल्यामुळेच झालं, तो म्हणाला. आधी इथे सपाट शेत होतं.

दादाने तळ्याकडे पाहिलं. चौकोनी, चारी बाजूंनी नीट बांध घातलेलं, एका कडेला जुन्या विटांच्या पायऱ्या. मी वाट पाहत होते की आता हा इंजिनिअर काहीतरी बोलणार.

"तुम्ही होता का तेव्हा इथे?" पोराने विचारलं. "तुम्ही पाहिलं होतं?"

"नाही रे," दादा म्हणाला आणि पायरीवर गुडघा सांभाळत बसला. "आम्ही लहान होतो. तू सांग, कसं पडलं ते."